वसाहतीचा पूर-आराखडा रहिवाशांना सोबत घेऊन कसा आखावा?

प्रश्न – सांगली, नदीकाठ

नमस्कार. मी सांगलीत कृष्णेजवळच्या सखल भागात राहतो. 2005, 2019 आणि 2021 या तिन्ही वर्षी आमच्या वसाहतीत पुराचे पाणी शिरले होते. पुढच्या पावसाळ्यापूर्वी वसाहतीचा स्वतःचा आराखडा तयार असावा, असे आमच्या मंडळाने ठरवले आहे. कोणाला केव्हा हलवायचे, अंथरुणाला खिळलेल्या माणसांची जबाबदारी कोणी घ्यायची, सामान कोठे ठेवायचे, हे त्यात लिहिलेले असावे. चार-पाच कार्यकर्त्यांनी मसुदा केलाही आहे. आता बैठक बोलावून तो वाचून दाखवावा आणि उपस्थितांच्या सह्या घ्याव्यात, असा बहुतेकांचा आग्रह आहे. मला मात्र हे पटत नाही. आमच्या बैठकांना प्रामुख्याने घरमालक येतात. भाडेकरू, धुणीभांडी करणाऱ्या स्त्रिया आणि नदीच्या बाजूची गोठेवाली कुटुंबे फारशी येत नाहीत, आणि पाणी सर्वांत आधी यांच्याच दारात येते. या सर्वांचा खरा सहभाग हवा असेल तर सुरुवात कोठून करावी?

प्रतिसाद 1 – भिलवडी परिसर, निवृत्त शिक्षक

आपली शंका रास्त आहे. मसुदा तूर्त बाजूला ठेवावा, असे मी सुचवेन. त्यात चूक असेलच असे नाही, पण तयार कागद समोर आला की लोक त्यावर मत देतात, स्वतःजवळची माहिती देत नाहीत. आणि पुराच्या बाबतीत सर्वांत मोलाची माहिती रहिवाशांजवळच असते.

सांगलीत पावसाळ्यात प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न असतो, "आयर्विनला किती फूट?" कृष्णेवरील आयर्विन पुलाजवळ 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी आहे, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु आयर्विनला 43 फूट पाणी असताना आपल्या गल्लीतील कोणते घर पाण्यात असते, हे कोणत्याही शासकीय पत्रकात नसते. ते त्या घरातील बाईला माहीत असते. म्हणून बैठकीऐवजी एखाद्या रविवारी सकाळी वसाहतीत फेरी काढा. 2019 साली पाणी 57 फुटांच्या वर गेले होते. त्याच्या खुणा अनेक भिंतींवर अजून दिसतील. प्रत्येक दारात थांबून विचारा: पाणी नदीकडून आले की नाल्यातून उलटे चढले? आधी अंगणात आले की शौचालयातून वर आले? वीज केव्हा तोडली गेली? मिळालेली उत्तरे खडूने रस्त्यावर आणि नंतर मोठ्या कागदावर नोंदवा. नकाशा लोकांच्या हातून काढला गेला, की त्यातील चुकाही लोकच दुरुस्त करतात.

या फेरीत एक गोष्ट आवर्जून विचारा: 2019 मध्ये आपण घर केव्हा सोडले, आणि उशीर झाला असल्यास का झाला? पुष्कळ ठिकाणी उत्तर मिळेल की 2005 मध्ये येथे पाणी आले नव्हते, म्हणून या वेळीही येणार नाही असे वाटले. 2005 ची पातळी 53 फुटांच्या वर होती. तिला लोकांनी कमाल मर्यादा मानले आणि चौदा वर्षांनी तीच समजूत घातक ठरली. काही जण चोरीच्या भीतीने थांबले, काही जनावरांसाठी, तर काहींना जायचे कोठे हेच माहीत नव्हते. न निघण्याचे प्रत्येक कारण हे आराखड्यातील एकेक काम आहे. चोरीची भीती असेल तर रिकाम्या घरांवर लक्ष ठेवणारे तरुण कोण, हे नावानिशी ठरवावे लागेल. "नागरिकांनी वेळेवर स्थलांतर करावे" एवढे वाक्य लिहून कोणीही हलणार नाही.

भाडेकरूंबद्दल आणखी एक. 2021 नंतर राहायला आलेल्यांनी तसा मोठा पूर पाहिलेला नाही. त्यांना फेरीत जुन्या रहिवाशांच्या जोडीने चालू द्या.

प्रतिसाद 2 – माण तालुका, सातारा

मी ग्रामीण भागात जलसंधारणाच्या कामात आहे, त्यामुळे पुराचा मला अनुभव नाही. आमचा प्रश्न नेमका उलटा आहे. तरीही निर्णय कोणी घ्यायचा, याबाबत थोडे लिहितो. आमच्याकडे काम सुरू होण्यापूर्वी शिवारफेरी होते आणि वरच्या प्रतिसादातील फेरी तिच्याच जातीची आहे. पण शिवारफेरीनंतर ग्रामसभा असते. कायद्याने वर्षाला किमान चार ग्रामसभा आणि त्यांच्यापूर्वी महिलांची स्वतंत्र सभा अपेक्षित आहे. या स्वतंत्र सभेचे महत्त्व मला फार वाटते, कारण जी स्त्री गावासमोर बोलत नाही ती दहा बायकांत मोकळेपणाने बोलते, आणि तेथे ठरलेली गोष्ट मग सर्वांसमोर एकटीची राहत नाही. शहरात अशी घट्ट चौकट आपल्या हाताशी नसली, तरी स्त्रियांची, भाडेकरूंची आणि गोठेवाल्यांची बैठक आधी वेगवेगळी घेऊन मग एकत्र बसण्यास कोणाची परवानगी लागत नाही.

आपल्याच सांगली जिल्ह्यातील उदाहरण पाहा. खानापूर तालुक्यात येरळेवर बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी 1980 च्या दशकात बळीराजा स्मृती धरण उभे केले. मुक्ती संघर्ष चळवळीने त्यासाठी लढा दिला, नदीतील वाळूच्या विक्रीतून पैसा उभा केला. तेथे धरण कसे बांधावे एवढ्यापुरतीच चर्चा नव्हती. पाणी कोणाला मिळावे, भूमिहीनांचा त्यावर हक्क असावा की नाही, उसाला ते द्यावे की नाही, हे कठीण प्रश्नही लोकांनीच सोडवले. आपल्या वसाहतीतही असे अवघड प्रश्न आहेत. बोट एकच असेल तर आधी कोण? दुमजली घराची गच्ची शेजाऱ्यांच्या सामानाला मिळेल काय? हे प्रश्न मंडळाने परस्पर सोडवले आणि लोकांकडे फक्त स्वयंसेवक मागितले, तर तो सहभाग नसून मजुरी होते.

प्रतिसाद 3 – मिरज

वरील दोन्ही मतांशी सहमत आहे, मात्र महापालिकेला शेवटी कळवू नका, पहिल्या फेरीलाच बोलवा. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005 नुसार जिल्हाधिकारी जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात आणि स्थानिक संस्थांवरही तयारीची जबाबदारी आहे. तुमचा नकाशा त्यांच्या आराखड्याला जोडला गेला, तर बोट मागताना पत्ता समजावत बसावे लागणार नाही. निवारा म्हणून शाळा ठरवणार असाल तर किल्ली रात्री कोणाकडे असते, पाण्याची टाकी भरलेली असते काय आणि स्त्रियांसाठी शौचालय वापरण्याजोगे आहे काय, हे रहिवाशांनीच जाऊन पाहावे.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. मसुदा बाजूला ठेवण्यास मंडळातील दोघांचा विरोध आहे, पण फेरीला सर्वांनी संमती दिली आहे. स्त्रियांची बैठक दुपारी कामे उरकल्यावर त्यांच्याच गल्लीत घेऊ. गोठेवाल्यांचे मात्र मला अजून उमगत नाही. बैठक केव्हाही ठेवली तरी ते येत नाहीत.

प्रतिसाद 4 – सांगलवाडी, दुग्धव्यवसाय

ते येत नाहीत कारण धारा काढण्याची आणि दूध घालण्याची वेळ सकाळ-संध्याकाळ ठरलेली असते, आणि मधल्या वेळात वैरण आणायची असते. आपणच गोठ्यावर जा. तेथे बसल्यावर पहिला प्रश्न स्थलांतराचा नसावा. म्हशी कोठे बांधायच्या, हा असावा. माणसांसाठी शाळा मिळते, म्हशींसाठी उंचावरची मोकळी जागा लागते, तिच्या मालकाची संमती आधी घ्यावी लागते, आणि तेथे वैरण व पाणी पोहोचावे लागते. शिवाय दूध कोठे घालायचे हे ठरले नसेल तर त्या घराची रोजची कमाई थांबते, म्हणून माणूस शेवटच्या क्षणापर्यंत हलत नाही.

जनावरे माणसांच्या आधी हलवावी लागतात. दावणीची म्हैस वाढत्या पाण्यातून चालवत नेणे जिवावरचे काम आहे. म्हणून 40 फुटांची वाट न पाहता त्याआधीचा आकडा गोठेवाल्यांनी स्वतः ठरवावा. कराड, बहे, ताकारी आणि भिलवडी या वरच्या पुलांची पातळी रोज कळते. ती वाढत असेल आणि कोयनेतून विसर्गही वाढवला असेल, तर आयर्विनचा आकडा चढण्यापूर्वी हाताशी थोडा वेळ असतो. जागा निवडताना तेथे जाणारा रस्ता पावसाळ्यापूर्वी त्यांच्यासोबत चालून पाहा. कर्नाळ रस्त्याकडून जाणार असाल तर तो फार लवकर पाण्याखाली जातो.