मदत हवी आहे: किनाऱ्यावरील शैवाल-उद्रेकावरच्या उपायाचा सरकारी खरेदीदार नेमका कोण?

मकरपुरा_उद्योजक
नमस्कार. वडोदऱ्यात आमचा छोटा कारखाना आहे. किनाऱ्याजवळच्या पाण्यात शैवालाचा उद्रेक होतो, त्यावर आम्ही उपाय तयार केला आहे. सौराष्ट्रातील पालिकांकडे गेलो की आरोग्य शाखा बांधकाम शाखेकडे पाठवते, बांधकाम शाखा प्रदूषण मंडळाचे नाव सांगते आणि तेथून पुन्हा पालिकेकडेच बोट दाखवले जाते. पुढील अंदाजपत्रकाआधी हा विषय मार्गी लावायचा आहे. कोणाला भेटावे, एवढेच कृपया सांगावे.

खाडीकाठ
उपाय म्हणजे रसायन, यंत्र की पूर्वसूचना देणारी व्यवस्था? आणि पाणी कोणते: खुला समुद्र, खाडी की बंदराचे कुंड, म्हणजे धक्क्यांच्या आतले बंदिस्त पाणी? उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्याच्या अखेरीस नॉक्टिल्युका या सूक्ष्मजीवाचे हिरवे पट्टे उपग्रहातून दिसतील एवढे पसरतात. ते हटवणे कोणत्याही पालिकेच्या आवाक्यातले नाही. त्यांची माहिती हैदराबादची इन्कॉइस ही केंद्र सरकारची सागरी माहिती संस्था देते. आपल्याला सर्वांत जवळ असलेल्या खंभातच्या आखाताचे पाणी तर भरती-ओहोटीमुळे इतके गढूळ असते की शैवालाला प्रकाशच पुरेसा मिळत नाही.

मकरपुरा_उद्योजक
मी तंत्राविषयी विचारलेले नाही, तरी सांगतो. हे तरंगते यंत्र आहे. सूक्ष्म बुडबुडे सोडून ते शैवाल पृष्ठभागावर आणते आणि गोळा करते. रसायन अजिबात वापरत नाही. ते संथ पाण्यातच चालते. आता तरी खरेदीदार सांगावा.

निवृत्त_लेखापाल
मी नगरपालिकेच्या लेखा शाखेत नोकरी केली आहे, म्हणून सविस्तर लिहितो. ज्याला त्रास होतो, ज्याच्याकडे पैसा असतो आणि ज्याची परवानगी लागते, ती तीन वेगवेगळी माणसे असतात, आणि आपण बहुधा पहिल्याकडे जाऊन तिसऱ्याचे उत्तर मागत आहात. भरतीरेषेच्या जमिनीकडील बाजूचा तलाव किंवा नाला पालिकेचा असतो. वेरावळसारख्या बंदराचे कुंड राज्यातील बंदरे सांभाळणाऱ्या गुजरात मेरिटाइम बोर्डाकडे येते. ओहोटीच्या रेषेपलीकडे 12 सागरी मैलांपर्यंतचे पाणी 2019 च्या किनारा नियमन अधिसूचनेत चौथ्या वर्गात मोडते आणि तेथील कामाचा प्रश्न राज्याच्या किनारा व्यवस्थापन प्राधिकरणापुढे जातो. प्रदूषण मंडळ पाणी तपासते आणि नोटीस काढते, पण आपले यंत्र ते विकत घेणार नाही.

पालिकेत ‘शैवाल’ नावाचे लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकातले खर्चाचे सदर, नसते. तलाव देखभाल, किनारा स्वच्छता किंवा मलनिस्सारण यांपैकी एका शीर्षाखाली आपले काम बसवून दाखवले, तरच चीफ ऑफिसर (पालिकेचा मुख्य अधिकारी) ते कारोबारी समितीपुढे ठेवू शकतो. पोरबंदर 2025 मध्ये महानगरपालिका झाली, त्यामुळे तेथे आता आयुक्त आणि 1949 चा महानगरपालिका अधिनियम लागू आहे. लहान पालिका मात्र 1963 च्या अधिनियमाखालीच चालतात. दोन्हींकडे एकच प्रस्ताव नेऊ नका.

रावपुरा_सल्लागार
एवढे फिरण्याची गरज नाही. सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर नोंदणी करावी. 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांतील नियम 170 प्रमाणे सूक्ष्म व लघु उद्योगांना निविदेसोबत भरायची बयाणा रक्कम माफ आहे, आणि नियम 173 प्रमाणे स्टार्टअपला पूर्वानुभवाच्या अटीत सवलत देता येते. आमच्या ग्राहकांना मी हाच मार्ग सांगतो.

निवृत्त_लेखापाल
रावपुरा साहेब, ते नियम केंद्र सरकारच्या खात्यांसाठी आहेत. पालिका राज्याचा अधिनियम आणि राज्याचे खरेदीविषयक ठराव पाळते. निविदेच्या अटींत सवलत लिहिलेली नसेल, तर केंद्राचा नियम दाखवून लेखापरीक्षकाचा आक्षेप टळत नाही. शिवाय जेमवर नोंद झाली म्हणजे मागणी निर्माण झाली असे होत नाही.

रावपुरा_सल्लागार
मागणी निर्माण करणे हे विक्रेत्याचेच काम आहे. नोंदणी आधी असेल तर संधी आल्यावर धावपळ होत नाही, एवढाच माझा मुद्दा आहे, आणि तो मी मागे घेणार नाही.

जलशास्त्र_विद्यार्थिनी
मला या चर्चेत एक गोष्ट खटकते. बंदिस्त पाण्यात उद्रेक होतो तो मुख्यतः सांडपाण्यातून येणाऱ्या नत्र-स्फुरदामुळे. दक्षिण कोरियात 1996 पासून समुद्रातील उद्रेकावर पिवळी माती फवारतात, पण तिने मत्स्यशेतीचे नुकसान कमी होते, उद्रेकाचे मूळ जात नाही. पालिकेने आधी मलशुद्धीकरण केंद्र नीट चालवावे.

मकरपुरा_उद्योजक
ताई, आपले म्हणणे बरोबर असेल, पण मलशुद्धीकरण केंद्र नीट चालू होईपर्यंत कुजणाऱ्या शैवालाचा वास किनाऱ्यावरील लोकांनी का सोसावा? लेखापाल काकांना एक विचारतो. आमच्याकडे सरकारी कामाचा अनुभव दाखला नाही. आजवर यंत्र एका खासगी कारखान्याच्या तळ्यातच चालवले आहे.

निवृत्त_लेखापाल
हे पहिल्याच संदेशात लिहायला हवे होते, कारण बाकी सर्व याच्यावर अवलंबून आहे. आपण थेट निविदेत उतरू नका. पालिकेच्या एखाद्या तलावावर विनामूल्य प्रात्यक्षिकाची लेखी परवानगी घ्या, आधीचे आणि नंतरचे पाणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून घ्या आणि पूर्णत्वाचा दाखला पालिकेच्या अभियंत्याच्या सहीने मागा. तो अभियंताच पुढे तांत्रिक मंजुरीची टिप्पणी लिहिणार असतो, म्हणून पहिली भेट त्याचीच घ्यावी. अंदाजपत्रक जानेवारी-फेब्रुवारीत तयार होते, तेव्हा प्रात्यक्षिक दिवाळीच्या आसपास संपलेले बरे.

खाडीकाठ
द्वारकेजवळच्या शिवराजपूर किनाऱ्याला 2020 मध्ये ब्लू फ्लॅग हे स्वच्छ किनाऱ्यांचे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले. त्या मानांकनासाठी स्नानयोग्य पाण्याची नियमित तपासणी सक्तीची असते, त्यामुळे तेथील व्यवस्थापनाकडे पाण्याच्या गुणवत्तेसाठी खर्च करण्याचे कारण आधीच तयार आहे. मात्र तेथे लाटा असतात, म्हणजे आपले यंत्र चालणार नाही. बंदराचे कुंडच योग्य वाटते.

मकरपुरा_उद्योजक
धन्यवाद. तर पालिकेच्या तलावासाठी अभियंता आणि कुंडासाठी मेरिटाइम बोर्ड, असे दोन स्वतंत्र प्रस्ताव करतो. बोर्डाकडे अर्ज बंदर अधिकाऱ्याच्या नावे द्यावा की गांधीनगरच्या मुख्यालयात?

निवृत्त_लेखापाल
अर्ज बंदर अधिकाऱ्याला द्यावा आणि प्रत मुख्यालयास पाठवावी. पण त्याआधी एक सांगा, कारण अभियंता पहिल्याच भेटीत हे विचारेल: गोळा केलेले ओले शैवाल यंत्रातून काढल्यावर उचलणार कोण, आणि टाकणार कोठे?