तीळ काढायचाय, पटकन उपाय सांगा (मदत हवी आहे)

रोजचीकटकट
जबड्यावर डाव्या बाजूला तीळ आहे. दाढी करताना ब्लेड लागतं, रक्त येतं. आता पुरे झालं. लेझरने एका बैठकीत जातो का? डाग राहतो का? आणि तोवर दाढीचं काय करायचं? कृपया नुसतं 'डॉक्टरांना दाखवा' लिहून जाऊ नका, तेवढं मलाही सुचतं.

पेन्सिल
सपाट की वर आलेला? कधीपासून आहे? वय?

रोजचीकटकट
वर आलेला आहे, म्हणून तर ब्लेड लागतं ना! वयाचा काय संबंध?

निळीशाई
माझ्या मानेवर पाच-सहा होते. कॉटरीने, म्हणजे विजेच्या तापत्या सुईने जाळून, दहा मिनिटांत गेले. भुलीचं इंजेक्शन चावतं, बस. उगाच बाऊ करू नका.

अर्धविराम
@निळीशाई, देठावर लोंबणारे होते का? मग ते तीळ नव्हेत, चामखीळ. तीळ म्हणजे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा पुंजका. एकाचा उपाय दुसऱ्याला सांगू नका.

निळीशाई
आम्ही त्यांना मसच म्हणतो.

अर्धविराम
मस म्हणजे वर आलेला तीळ. विषाणूमुळे येते ती खरखरीत चामखीळ वेगळी, देठाची वेगळी. नाव एकच असल्याने हा घोळ होतो.

त्रिकोणी
लेझरचं विचारलंत म्हणून सांगतो, मी मनगटावरचा टॅटू काढला. आठ बैठका लागल्या. हिरवा रंग अजून आहे. विचार करून जा.

जुनीवही
टॅटूचा इथे काय संबंध?
धागाकर्ते, लेझरची घाई नको. मी खांद्यावरचा तीळ लेझरने जाळून घेतला होता. वर्षभरात त्याच व्रणातून तपकिरी ठिपका परत आला. दुसऱ्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, 'आधीचा बायॉप्सी रिपोर्ट कुठे आहे?' रिपोर्ट असणार कुठून? जाळल्यावर तपासायला काही उरतच नाही. शेवटी कापून काढला. पॅथॉलॉजीच्या कागदावर 'आधी लेझर झालं आहे' असं त्यांनी मुद्दाम लिहिलं, कारण परत उगवलेला साधा तीळही सूक्ष्मदर्शकाखाली कॅन्सरसारखा भासू शकतो. निघाला साधाच. पण रिपोर्ट येईपर्यंतच्या त्या दिवसांत मला झोप नव्हती.

पेन्सिल
दुसऱ्यांदा विचारत नाही, आता विनवते. कधीपासून आहे?

रोजचीकटकट
आठ-नऊ महिने. आधी टाचणीच्या डोक्याएवढा होता, आता मसुराएवढा. वय ४६. एक कड काळी, बाकी तपकिरी. मध्ये ऑनलाइन मिळणारं एक क्रीम चार दिवस लावलं, त्यावर खपली धरली आहे. हे आधी सांगायला हवं होतं का?

पेन्सिल
हो!! पहिल्याच ओळीत.
डॉक्टर पाच गोष्टी बघतात: दोन अर्ध्या बाजू सारख्या आहेत का, कड दातेरी आहे का, रंग एकाहून जास्त आहेत का, आकार ६ मिमीच्या वर आहे का, आणि काही बदलतंय का. सगळ्यांत मोलाची शेवटची. घातक तीळ ६ मिमीहून लहानही असतो. चाळिशीनंतर नवा आला आणि वाढतोय, म्हणजे दाखवायचाच. क्रीम आजच बंद. ते वरचा थर जाळतं, खालचं तसंच राहतं, शिवाय डॉक्टरांनी बघायच्या खुणा पुसल्या जातात. तीळ घरी काढायच्या कुठल्याही औषधाला अमेरिकेच्या एफडीएची (औषधांना परवानगी देणारी सरकारी संस्था) मान्यता नाही, ती उगीच नाही.

निळीशाई
घाबरवू नका हो. सावळ्या कातडीला हा कॅन्सर होत नाही.

अर्धविराम
कमी होतो. होत नाही, असं नाही. आणि होतो तेव्हा बरेचदा तळपायाला, तळहाताला, नखाखाली, जिथे कुणी बघत नाही. जमैकाचा गायक बॉब मार्ले, त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली होता. १९७७ मध्ये कळलं, १९८१ मध्ये गेला.

त्रिकोणी
अवांतर: त्याचं तर फुटबॉलच्या दुखापतीने झालं होतं ना?

अर्धविराम
दुखापत समजून वेळ गेला असं सांगतात. दुखापतीने कॅन्सर झाला, असं नव्हे.

जुनीवही
@रोजचीकटकट, त्वचारोगतज्ज्ञ आधी डर्मोस्कोपने, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणाऱ्या दिव्याच्या भिंगाने, बघतील. शंका आली तर भूल देऊन भोवतालच्या थोड्या कातडीसकट पूर्ण काढतील आणि तपासायला पाठवतील. चेहऱ्यावरचे टाके साधारण ५ ते ७ दिवसांत निघतात. बारीक रेघ राहते. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, किंवा आधीची एखादी जखम भरताना गाठीसारखी फुगली असेल, तर आधीच सांगा. बहुतेकांचे रिपोर्ट साधेच येतात.

रोजचीकटकट
मंगळवारची वेळ घेतली. खपली काढून जाऊ का, म्हणजे नीट दिसेल?

पेन्सिल
हात लावू नका! क्रीमची ट्यूब घेऊन जा. आणि क्रीम लावायच्या आधीचा फोटो असेल तर तोही.

रोजचीकटकट
एका लग्नातला आहे, झूम करून बघतो. बाकी दाढीचं मी पहिल्याच पोस्टमध्ये विचारलं होतं, ते अजून कुणीच सांगितलं नाही.

जुनीवही
तेवढी जागा सोडून करा.