मदत हवी आहे: म्हातारी कोंबडी गप्प झालीये, दुखतंय का तिला?

मंडळी, आम्ही मखमलाबादला राहतो, आमची गावठी कोंबडी 6 वर्षांची, अंडी कधीच बंद झालीत पण घरातलीच आहे ती. चार दिवस झाले पिसं फुगवून, मान आत ओढून कोपऱ्यात उभी असते, तुरा फिका पडलाय, रात्री दांडीवर चढत नाही. बाजरी टाकली की हळूहळू येते, दाणा चोचीत धरते आणि तसाच सोडते, बघवत नाही हो. सकाळी गळ्याखालची पिशवी रिकामी हवी ना, हिची पाणी भरल्यासारखी लागते. कोंबड्या दुखणं लपवतात म्हणून जास्त भीती वाटते. हे वयामुळे की आजार, कसं ओळखायचं? एका दवाखान्यात कापून टाका म्हणाले, ते आमच्याच्याने होणार नाही. नाशकात कोंबडी नीट तपासणारे डॉक्टर कोणाला माहितीयेत का?