जुन्या देवांना जुन्याच घाटाचं देऊळ हवं का?

पाथरवट
मागच्या उन्हाळ्यात आर्मेनियात गार्नीला जाऊन आलो. खाली आझात नदीची खोल घळ आणि वर कड्याच्या टोकाला चोवीस खांबांचं, ग्रीक धाटणीचं देऊळ. १६७९च्या भूकंपात कोसळलं आणि जवळजवळ तीनशे वर्षं ढिगाऱ्यातच पडून होतं. सोव्हिएत काळात, १९६९ ते १९७५ मध्ये, अलेक्झांडर साहिन्यान यांच्या देखरेखीखाली ते पुन्हा उभं राहिलं. जवळ गेलं की मजा दिसते. वेलबुट्टीची पट्टी चालत येते, मध्येच एक सपाट कोरा दगड लागतो, की पुन्हा वेलबुट्टी सुरू. हरवलेल्या तुकड्याच्या जागी नवा दगड बसवला, पण नक्षी मुद्दाम केली नाही.

आता सणावाराला तिथे ख्रिस्ती धर्माआधीचे देव मानणारे आर्मेनियन जमतात, वाहाग्न या जुन्या आर्मेनियन देवाची पूजा करतात. तेही चौथ्या शतकातच ख्रिस्ती झालेल्या देशात!

त्यावरून डोक्यात आलं ते असं: या मंडळींनी उद्या नवं देऊळ बांधायचं ठरवलं, तर जुन्याची नक्कल करू नये. आइसलँडवाल्यांनी केली नाही. तिथे थोर-ओडिन हे ख्रिस्ती धर्माआधीचे देव मानणाऱ्यांची संस्था १९७२ची, पुढच्या वर्षी सरकारमान्यताही मिळाली. रेक्याविकच्या टेकडीवर नगरपालिकेने जागा दिली. आराखडा आहे गोल, चार मीटर जमिनीत खोदलेला, वर उजेड आत घेणारा घुमट. २० मार्च २०१५ला, सूर्यग्रहणाच्या दिवशी, भूमिपूजन केलं. ना व्हायकिंग थाटाची ड्रॅगनची तोंडं, ना नाटकातल्यासारखं लाकडी सभागृह. मला हे प्रामाणिक वाटलं.

गोदाकाठ
साफ असहमत. घाट म्हणजे वरचं पॅकिंग नव्हे हो. सिन्नरचं गोंदेश्वर बघा. मधलं मोठं देऊळ, चार कोपऱ्यांना चार छोटी, आणि आपण प्रदक्षिणा घालतो त्या वाटेनेच ते उलगडतं. घाट बदलला की चालणं बदलतं, चालणं बदललं की पूजा बदलते. सोमनाथ नव्याने बांधलं तेव्हा प्रभाशंकर सोमपुरांनी जुन्या शास्त्राप्रमाणेच बांधलं, १९५१ला प्रतिष्ठा झाली. त्याला कुणी नक्कल म्हणतं का?

आणि ग्रहणात भूमिपूजन? आमच्या आजीने टेकडीच उचलून आपटली असती.

पाथरवट
आजीला नमस्कार :) पण सोमपुरांकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलेली विद्या होती, तिथे धागा तुटलाच नव्हता. आइसलँडने इ.स. १०००च्या सुमारास धर्म बदलला. नंतर हाताशी काय उरलं? दोन-अडीचशे वर्षांनी ख्रिस्ती लोकांनी लिहिलेल्या गाथांतली वर्णनं, आणि उत्तरेला होफस्टाडिरच्या उत्खननात सापडलेल्या गुरांच्या कवट्या, बहुधा बाहेर टांगलेल्या. स्वीडनमधल्या उप्सालाच्या देवळाला सोन्याची साखळी होती असं ब्रेमेनचा आदम हा अकराव्या शतकातला ख्रिस्ती इतिहासकार लिहितो, पण तो स्वतः तिथे गेलेलाच नव्हता. नक्कल तरी कशाची करणार?

चुनाविट
ग्रीकांचं तसं नाही, त्यांच्याकडे मोजमापं आहेत. अमेरिकेत नॅशव्हिलला १८९७च्या प्रदर्शनासाठी पार्थेनॉनची, म्हणजे अथेन्सच्या अथीना देवीच्या प्राचीन देवळाची, पूर्ण मापाची प्रतिकृती केली, पुढे ती काँक्रीटमध्ये पक्की केली, १९९०ला आत प्रचंड अथीनाही उभी केली. मापाने बिनचूक. आणि आहे काय? कलासंग्रहालय! तेव्हा नुसत्या घाटाने देव येतो हे काही पटत नाही.

उलटी गोष्टही सांगतो. प्राचीन ग्रीक कारागीर संगमरवराचे दगड लोखंडी पट्ट्यांनी जोडायचे आणि पट्टीभोवती शिसं ओतायचे, म्हणजे लोखंडाला पाणी लागत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बालानोस या ग्रीक अभियंत्याने अथेन्सच्या अक्रोपोलिसवर, म्हणजे जुन्या देवळांच्या टेकडीवर, दुरुस्ती केली तेव्हा लोखंड वापरलं, पण शिशाचं वेष्टण दिलं नाही. लोखंड गंजलं, फुगलं आणि अडीच हजार वर्षांचा संगमरवर आतून तडकला. आता ते काढून टायटॅनियम घालतात. ज्याला जुनं बांधायचंय त्याने आधी जुनी अक्कल घ्यावी, खांब मग.

गोदाकाठ
हे माझ्याच बाजूचं झालं की. घाट नको म्हणणाऱ्याला ही अक्कल येणार कुठून? बांधल्याशिवाय हात शिकत नाही.

चुनाविट
तेवढं मान्य. पण ग्रीक देवळाचा अभ्यास करायचा तर तो बाहेरून करा. यज्ञवेदी बाहेर, उघड्यावर, बहुतेक पूर्वेच्या दारासमोर. बळी तिथे, धूर तिथे, माणसं तिथे. आतल्या खोलीत मूर्ती आणि ठेवी. आज खांबांचं देऊळ बांधून आत खुर्च्या मांडल्या तर ते ग्रीक कपड्यातलं चर्चच. आइसलँडच्या गोल खोलीवरही माझा हाच आक्षेप आहे. त्यांचा ब्लोत, म्हणजे त्यांचा विधी, आजही बरेचदा उघड्यावर होतो. पेटवलेला अग्नी, शिंगातून हातोहात फिरणारं पेय. मग अडीचशे माणसांना जमिनीखाली कशाला बसवायचं?

पाथरवट
कारण तिथे डिसेंबर असतो, साहेब. चार तासांचा दिवस आणि आडवा पाऊस. दिवस सर्वात लहान असतो तेव्हाच त्यांचा मोठा सण. शिवाय लग्नं, नामकरणं, अंत्यविधी असतातच.

बाकी एक कबूल करायला हवं. २०१६पर्यंत होईल म्हणत होते ते काम खर्चापायी रखडलं. खडकात खोदलेली गोल खोली स्वस्तात होत नाही.

एडिसनकर
वाचतोय मघापासून. आमचं इथलं, अमेरिकेतल्या एडिसनचं, पहिलं देऊळ म्हणजे भाड्याचं गोदाम होतं. गणपतीच्या पहिल्याच आरतीला कापूर पेटवला आणि छतातला धुराचा भोंगा बोंबलायला लागला. ‘सुखकर्ता’ अर्ध्यावर, सगळे पार्किंगमध्ये, गुरुजी ताम्हन हातात घेऊन बर्फात अनवाणी (हो, माघी गणपती होता). पुढची चार वर्षं बॅटरीची निरांजनं. नवी इमारत बांधायला घेतली तेव्हा शिखर किती फुटी यावर सभा झाल्या चौदा. धूर कुठून जाणार हे विचारलं एकट्या आमच्या काकूंनी, तेही शेवटच्या सभेत, चहा आल्यावर.

गोदाकाठ
मग? झरोका ठेवला का?

एडिसनकर
पंखा बसवला. आरतीत त्याचाच आवाज जास्त.