२००९ मध्ये जनरल मोटर्सला बुडू द्यायला हवं होतं का?

आडवाटेचा

मागच्या आठवड्यात ऑफिसात जेवताना वाद पेटला. अमेरिकन सरकारने २००९ साली जनरल मोटर्सला वाचवलं, ते बरोबर की चूक? 'चूक' म्हणणारा मी एकटा, समोर चौघं. डबा गार झाला आणि अर्धे मुद्दे पोटातच राहिले. ते इथे ओततो.

थोडा मागचा पाढा. विल्यम ड्युरंट हा मिशिगनमधल्या फ्लिंट गावचा, घोड्यांच्या बग्ग्या बनवणारा कारखानदार. १६ सप्टेंबर १९०८ ला त्याने जनरल मोटर्स, म्हणजे जीएम, काढली. ब्यूक हाताशी होतीच. मग ओल्ड्समोबिल, कॅडिलॅक, ओकलंड असा खरेदीचा सपाटा लावला. दोन वर्षांत बँकांनी त्याला बाजूला सारलं. पठ्ठ्याने लुई शेवरले या शर्यतीत गाड्या पळवणाऱ्याला सोबत घेऊन दुसरी कंपनी काढली, तिच्या जोरावर १९१६ ला जीएम परत मिळवली आणि १९२० मध्ये पुन्हा घालवली. म्हातारपणी फ्लिंटमध्येच बोलिंग अ‍ॅली चालवायचा.

खरी जीएम घडवली ती आल्फ्रेड स्लोनने, १९२३ पासून. फोर्डकडे एकच मॉडेल टी होती. स्लोनने शिडी उभी केली. तळाशी शेवरले, टोकाला कॅडिलॅक, मध्ये प्रत्येक खिशासाठी एक पायरी. दरवर्षी नवं रूप, जुनी देऊन नवी न्या, हप्त्यांसाठी कंपनीचीच वित्तशाखा. शेजाऱ्याच्या दारात ब्यूक लागली की आपली धडधाकट शेवरले आपल्याला डाचली पाहिजे, असा सगळा बेत. चालला मात्र जोरात. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत विकली जाणारी दर दुसरी गाडी जीएमची होती.

पुढे पायऱ्या एकमेकींसारख्या दिसू लागल्या. १९८२ ची कॅडिलॅक सिमरॉन ही शेवरले कॅव्हेलियरला नेसवलेला शालू होता, आणि गिऱ्हाईकाला तो कळला. १ जून २००९ ला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. सरकारने ४९.५ अब्ज डॉलर ओतले, डिसेंबर २०१३ ला शेवटचे शेअर विकले, आणि हिशेबाला दहा अब्जांहून जास्त कमी पडले.

पैसा एकवेळ सोडा. माझा राग वाचवण्याच्या रीतीवर आहे. चाळीस दिवसांत चांगली मालमत्ता 'नव्या जीएम'ला विकली आणि बरीचशी जुनी देणी 'मोटर्स लिक्विडेशन' नावाच्या सांगाड्याकडे ठेवली. आपल्याकडे सातबारा पोराच्या नावावर चढवतात आणि सोसायटीचं कर्ज म्हाताऱ्याच्या नावावर ठेवतात, तसंच. पोरगं दुसऱ्या दिवशी नवा ट्रॅक्टर घेऊन गावातून मिरवतं.

त्याचं फळ २०१४ मध्ये दिसलं. जीएमच्या कोबाल्ट, सॅटर्न आयन अशा गाड्यांत चावीचा स्विच ढिला होता. जड जुडगा लटकवला किंवा खड्डा बसला की चावी आपोआप मागे फिरायची. इंजिन बंद, स्टिअरिंग जड, आणि धडक झाली तर एअरबॅगही उघडत नाही. कंपनीतल्या लोकांना वर्षानुवर्षं याची कुणकुण होती. स्विच सुधारला, पण पार्ट नंबर तोच ठेवला, म्हणून तपास करणारेही चकले. भरपाईच्या हिशेबात १२४ मृत्यू मान्य झाले. आणि २००९ च्या आधीच्या दाव्यांवर कंपनी कोर्टात म्हणाली, ती जुनी जीएम, आम्ही नवे!

बोला.

मिशिगनकर

तुम्ही आकडे वाचलेत, मी ते दिवस लान्सिंगजवळ राहून पाहिलेत. २००१ पासून इथे आहे. २००९ मध्ये मिशिगनची बेकारी १४ टक्क्यांच्या घरात होती. आमच्या रस्त्यावर सात घरांपुढे 'विकणे आहे'च्या पाट्या, आणि विकत घ्यायला कुत्रं येत नव्हतं.

'बुडू द्या' म्हणणारे एक विसरतात. नेहमीच्या दिवाळखोरीतही कंपनी चालू ठेवायला मधल्या काळासाठी कोणीतरी कर्ज द्यावं लागतं. तो हिवाळा आठवा. बँका स्वतःच सरकारच्या दारात उभ्या होत्या. जीएमला एवढं कर्ज देणारा खाजगी माणूस जगात नव्हता. म्हणजे पर्याय दोनच, सरकारी पैसा किंवा भंगारवाला.

दुसरं, सुटे भाग बनवणारे कारखाने सगळ्या कंपन्यांना सामाईक. फोर्डने आधीच, २००६ मध्ये, स्वतःचा निळा लोगोसुद्धा गहाण टाकून कर्ज उचललं होतं, त्यामुळे तिला मदतीची तशी गरज पडली नाही. तरी तिचा प्रमुख अ‍ॅलन मुलाली प्रतिस्पर्ध्यांना मदत द्या म्हणून संसदेपुढे बोलला. शेजाऱ्याचं घर पेटलं तर आपलंही छप्पर जाणार, हे त्याला कळत होतं.

जाता जाता गाडीबद्दल. माझी १९९८ ची ब्यूक लसेबर. ३८०० व्ही-६ इंजिन. शेजारच्या आजोबांकडून घेतली, ते ओल्ड्समोबिलच्या लाइनवरून निवृत्त झालेले. दोन लाख बारा हजार मैल झाले. पुढची सीट सोफ्यासारखी, आई भारतातून आली की तिला फक्त याच गाडीत डुलकी लागते. दिसायला सरकारी खात्याची वाटते, हे कबूल.

तिरकस

'सरकारने वाचवलं' म्हटलं की सगळे ओबामांकडे बोट दाखवतात. पहिला हप्ता डिसेंबर २००८ मध्ये बुश साहेबांनी दिला होता. मुक्त बाजारपेठेचे कीर्तनकार बरं का! ओबामांनी मार्चमध्ये जीएमचा प्रमुख रिक वॅगनर याला खुर्चीवरून उठवलं. बुडणाऱ्याला हात द्यायला दोन्ही पक्ष पुढे, बिल मात्र बिचाऱ्या करदात्याला.

बाकी चालू द्या. चिवडा घेऊन बसलोय.

फिटर_चिंचवड

आडवाटेचा भाऊ, तुमचा सातबारा आवडला. पण मी मिशिगनकर साहेबांच्या बाजूचा. कारण सांगतो.

जीएम मुंबईत पहिल्यांदा आली १९२८ ला, शिवडीला गाड्या जोडायची. हे आमच्या पिढीला माहीत नसतं. आम्हाला माहीत ती शेवरले टवेरा. माझ्या मामाची होती, कराड–पाटण वडाप. पासिंग किती आणि बसवायचे किती, ते विचारू नका. चार लाख किलोमीटरला इंजिन पहिल्यांदा खोललं. ऑइल वेळेवर बदललं तर ती गाडी मरत नाही, हे मामा पैजेवर सांगायचा. पुढे २०१३ मध्ये कंपनीनेच प्रदूषण चाचणीतल्या गडबडीपायी एक लाख चौदा हजारांच्या आसपास टवेरा परत बोलावल्या, तेव्हा मामा बोलेना झाला. पैज मात्र हरला नव्हता.

तळेगावचा कारखाना सुरू झाला सप्टेंबर २००८ ला. म्हणजे तिकडे कंपनीला घरघर लागलेली आणि इकडे तोरण बांधलेलं! मे २०१७ मध्ये भारतातली विक्री थांबवायचं जाहीर झालं, निर्यातीवर कारखाना चालला, आणि डिसेंबर २०२० मध्ये लाइन थांबली. हजारावर कामगारांची लढाई कोर्टापर्यंत गेली. आधी एका चिनी कंपनीशी बोलणी झाली, ती फिसकटली. शेवटी जागा गेली ह्युंदाईकडे.

आता सांगा, फ्लिंटच्या कामगारामागे त्याचं सरकार ५० अब्ज घेऊन उभं राहिलं. तळेगावच्या माणसामागे कोण होतं? बुडू देणं म्हणजे काय, ते पुस्तकात वाचायला सोपं असतं. चाळिशीत पर्मनंटचा शिक्का गेला की मुलाच्या कॉलेजची फी आणि फ्लॅटचा हप्ता एकाच दिवशी येतात.

आडवाटेचा

@फिटर_चिंचवड, दादा, तुमचंच उदाहरण माझ्या बाजूने जातं की! वाचवलेल्या कंपनीने वाचल्यावर काय केलं? २०१७ मध्ये युरोपातली ऑपेल विकली, भारतातून विक्री गुंडाळली, २०१९ मध्ये ओहायोतला लॉर्ड्सटाउनचा कारखाना थांबवला. म्हणजे पैसा कामगाराच्या नावाने घेतला आणि कात्री पुन्हा कामगारावरच.

आणि सगळे कामगार सारखे नव्हते. डेल्फी ही जीएममधूनच वेगळी काढलेली सुट्या भागांची कंपनी. तिच्या युनियनवाल्यांचं पेन्शन जीएमने भरून दिलं, तिथल्याच पगारी नोकरांचं कापलं गेलं. एकाच छताखाली तीस वर्षं काढलेली माणसं. हा न्याय कुठला?

युनियनचा विषय निघालाच आहे तर, एका गाडीमागे साधारण १५०० डॉलर निव्वळ आरोग्य विम्याचे. काम नसलं तरी जवळपास पूर्ण पगार देणारी 'जॉब बँक'. टोयोटाशी अशी शर्यत कशी जिंकणार?

ओवी_बोस्टन

युनियनवर घसरण्याआधी १९५० मध्ये जाऊन या.

वॉल्टर रॉयथरला, म्हणजे ऑटो कामगारांच्या युनियनच्या अध्यक्षाला, पेन्शन आणि आरोग्याची सोय सगळ्या देशासाठी सरकारने करावी असं वाटत होतं. कंपन्यांना ते समाजवादाचं वारं वाटलं. जीएमच्या चार्ली विल्सनने पाच वर्षांचा करार केला, पेन्शन आम्ही देतो, तुम्ही लाइन चालू ठेवा. तेव्हा कामगार तरुण, निवृत्त थोडे, स्वस्तात शांतता मिळाली. साठ वर्षांनी तेच पोरगे म्हातारे झाले आणि बिल आलं. सही दोघांची होती हो. आता एकालाच उधळ्या का म्हणायचं?

आणि ही शांतता विकत घ्यावीशी का वाटली, तर फ्लिंटच्या संपामुळे. ३० डिसेंबर १९३६ ला कामगार कारखान्याबाहेर न पडता आतच बसले. गाड्यांच्या सीटवर झोपले, बाहेरून बायका जेवण पोचवत. पोलिसांनी अश्रुधूर सोडला तेव्हा आतून दरवाज्यांच्या बिजागऱ्या भिरकावल्या. ४४ दिवसांनी कंपनीने युनियनला मान्यता दिली. माझ्या मते जीएमच्या इतिहासातला सर्वांत मोठा दिवस हाच, स्लोनची शिडी वगैरे त्याच्या खाली.

जीएम बुडाली ती गाड्यांमुळे. आरोग्य विमा आणि पेन्शनचा बोजा फोर्डवरही होता. जीएमचा अध्यक्ष रॉजर स्मिथ याने १९८० च्या दशकात अब्जावधी डॉलर संगणक कंपनी आणि विमानांच्या इलेक्ट्रॉनिक्सवर घातले, आणि त्या संगणक कंपनीचा संस्थापक रॉस पेरो संचालक मंडळात बसून टीका करतो म्हणून त्याला सुमारे ७० कोटी डॉलर देऊन घरी पाठवलं. गप्प बसायची एवढी दक्षिणा जगात कोणाला मिळाली असेल?

मिशिगनकर

ओवीताई, दंडवत. बिजागऱ्यांची गोष्ट आमच्या ब्यूकवाल्या आजोबांनी सांगितली होती. त्यांचे वडील आत होते.

@आडवाटेचा, स्विचचा मुद्दा तुम्ही अर्धाच सांगितलात. दिवाळखोरीच्या कोर्टाने दावे अडवले हे खरं, पण २०१६ मध्ये वरच्या कोर्टाने ते बरेचसे मोकळे केले. आणि कंपनीने भरपाईचा जो निधी काढला त्यात २००९ च्या आधीचे अपघातही धरले होते. १२४ चा आकडा त्यातूनच आला. गुन्हा धुतला जात नाही, पण 'पोरगं ट्रॅक्टर घेऊन मिरवतं' एवढंही नव्हतं.

लाल_डबा

इतिहास राहू द्या, मालकाचा अनुभव लिहितो. २०१३ ची शेवरले व्होल्ट, न्यू जर्सी. रात्री घरात लावायची, सकाळी ३५-४० मैल विजेवर. ऑफिसला जाऊन येऊन पुरतं. पेट्रोल दोन-अडीच महिन्यांतून एकदा. लांबच्या प्रवासाला इंजिन आहेच, त्यामुळे चार्जर शोधत फिरायला नको. टायर आणि वायपर सोडून काही बदललं नाही. या गाडीचं काम दिवाळखोरीच्या आधीपासून चालू होतं आणि पहिल्या गाड्या २०१० च्या शेवटी आल्या. कंपनी भंगारात गेली असती तर ही गाडी निघालीच नसती. २०१९ ला का बंद केली, देव जाणे.

तिरकस

जीएमने त्याच्याही आधी ईव्ही-१ काढली होती, १९९६ ला. हजाराच्या वर बनवल्या, फक्त भाड्याने दिल्या, मग परत घेऊन बहुतेक चिरडून टाकल्या. चालवणारे रडत होते. टेस्लाच्या कितीतरी आधी हातात असलेलं भविष्य कंपनीने स्वतःच प्रेसमध्ये घालून सपाट केलं. डबेवाले, तुमची व्होल्ट जपा.

आडवाटेचा

निधीबद्दलची दुरुस्ती मान्य. ते मला माहीत नव्हतं.

मूळ मुद्द्यावर मात्र ठाम आहे, आणि टेस्लाचं नाव निघालंच आहे तर शेवटचा पत्ता टाकतो. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला जीएम आणि टोयोटाचा एकत्र कारखाना होता, १९८४ पासूनचा. दिवाळखोरीत जीएमने अंग काढलं, २०१० मध्ये तो बंद पडला. तिथे रान माजलं का? त्याच वर्षी टेस्लाने ४.२ कोटी डॉलरला जागा घेतली आणि आज तिथून लाखो गाड्या निघतात. मोठं झाड पडलं की खाली ऊन पोचतं. सगळी जीएम पडली असती तर अशी दहा फ्रीमाँट झाली असती.

मिशिगनकर

पत्ता छान, पण उलटा पडला. त्याच २०१० च्या जानेवारीत टेस्लाला ऊर्जा खात्याकडून ४६.५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर होऊन करार झाला होता. सरकारीच. त्यांनी मुदतीआधी, २०१३ मध्ये फेडलं, हे त्यांचं कौतुक. पण तुमच्या झाडाखालच्या रोपाला पाणी कोण घालत होतं, ते बघा.

आडवाटेचा

😶 हा मुद्दा डब्यावर कोणी काढला नव्हता. उद्या चौघांना कळू देऊ नका.

(लसेबर विकायची असेल तर किती मैलाला किती धरतात?)

मिशिगनकर

विकणार नाही. आई ऑक्टोबरात येतेय.