आधी किलो, नग की मीटर ते ठरवा
'ट्रेनिंग नीट दिलं की ईआरपी (खरेदी, साठा, हिशेब एकत्र ठेवणारं कंपनीचं सॉफ्टवेअर) बसतं' हे मत मला अर्धंच पटतं. आमच्याकडे ट्रेनिंग भरपूर झालं, फक्त प्रत्येक खात्याचं वेगळ्या खोलीत. खरेदीवाले राउंड बार (लोखंडी गोल सळ्या) किलोत घेतात, स्टोअर नगावर देतं, शॉप फ्लोअर मीटरमध्ये कापतं. मटेरियल मास्टर, म्हणजे सिस्टिममधली मालाची मूळ यादी, भरणाऱ्या पोराने मीटरमागे किलो काढायचं व्यासाचा (मिमीत) वर्ग भागिले १६२ हे नेहमीचं सूत्र लावून २५ मिमीचा ६ मीटर बार २३.१५ किलो धरला. कागदावर बरोबरच! पण रोलिंगच्या टॉलरन्समुळे (सळई बनवताना मापात चालणाऱ्या थोड्या फरकामुळे) प्रत्यक्षात वजन कमी-जास्त भरतं, लांबीही नेमकी ६ मीटर नसते. गो-लाइव्हनंतर, म्हणजे सिस्टिम प्रत्यक्ष सुरू झाल्यावर, महिन्याभरात सिस्टिममध्ये माल होता, रॅकवर नव्हता, आणि अकाउंट्सवाले स्टोअरवर संशय घेत बसले.

गंमत म्हणजे स्टोअरकीपर काका प्रत्येक लॉटचं वजन आणि नग वर्षानुवर्षं वहीत लिहीत होते. त्यांना एकाही मीटिंगला बोलावलं नव्हतं. शेवटी चारही खात्यांची माणसं एका टेबलावर बसवून एकच खरेदी ऑर्डर बिलापर्यंत चालवून पाहिली, तेव्हा हा घोळ दुपारच्या चहाआधी सापडला. आता माल आवक करतानाच वजन आणि नग दोन्ही टाकतो, रूपांतर लॉटनुसार.