खुनाच्या रहस्यकथा : वेगवेगळ्या शतकांतील कथांची तुलना कोणत्या निकषावर करावी?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर)

नमस्कार. आमच्या वाचकगटाने पुढील काही बैठकांसाठी खुनाच्या रहस्यावरील चार लघुकथा निवडल्या आहेत : अरेबियन नाइट्समधील 'तीन सफरचंदे', एडगर ॲलन पोची 'द मर्डर्स इन द रू मॉर्ग' (१८४१), आर्थर कॉनन डॉयलची 'द स्पेकल्ड बँड' (१८९२) आणि जपानी लेखक अकुतागावाची 'इन अ ग्रोव्ह' (१९२२). पहिल्याच बैठकीत वाद झाला. खून माणसाने नव्हे तर ओरांगउटान या मोठ्या वानराने केला, हे पो शेवटी सांगतो आणि त्या प्राण्याचे केसही तेव्हाच दाखवतो. म्हणून ही कथा वाचकावर अन्याय करते, असे बहुतेकांचे मत पडले. मला हा निकष खटकतो. खुणा वाचकापासून लपवू नयेत अशा स्वरूपाचे रहस्यकथेचे दहा नियम इंग्रज लेखक रोनाल्ड नॉक्सने १९२९ मध्ये मांडले, तेव्हा पोची कथा ८८ वर्षांची झालेली होती. नंतरच्या नियमांनी आधीच्या कथेला दोषी ठरवणे योग्य आहे का? आणि नसेल, तर या कथा शेजारी ठेवून वाचताना नेमके काय पाहावे? (उत्तरांत कथांचे शेवट उघड झाले तरी चालतील.)

उत्तर १ (महाल)

खुनी ओळखता आला का, यापेक्षा सत्य कोणत्या वाटेने बाहेर आले, हे पाहावे असे मला वाटते. 'तीन सफरचंदे'मध्ये तैग्रिस नदीतून काढलेल्या पेटीत एका स्त्रीचे तुकडे केलेले प्रेत सापडते आणि खुनी तीन दिवसांत शोध, नाहीतर मर, असे खलिफा वजीर जाफरला बजावतो. जाफर शोध घेतच नाही, घरी बसून राहतो. त्याला फासावर चढवण्याची वेळ येते तेव्हा एक तरुण आणि एक वृद्ध असे दोघेही पुढे येऊन खुनाची कबुली देतात. तिथे सत्य कबुलीतून आणि योगायोगातून येते, तर्काला जागाच नाही. पोच्या कथेत मात्र एक माणूस वर्तमानपत्रातील साक्षी वाचून विचार करतो, आणि लंडनच्या पोलिसांत गुप्तहेर शाखा सुरू झाली ती त्यानंतरच्या वर्षी, १८४२ मध्ये.

शिवाय आपल्या गटाचा आक्षेप अर्धाच खरा आहे. खुनाच्या वेळी बाहेरच्यांना ऐकू आलेला कर्कश आवाज फ्रेंच माणसाला स्पॅनिश वाटतो, इंग्रजाला जर्मन वाटतो, इटालियनाला रशियन वाटतो; प्रत्येक जण स्वतःला न येणाऱ्या भाषेचे नाव घेतो. या साक्षी पोने उकल होण्याच्या कितीतरी आधी, वाचकाच्या डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत. तो आवाज कोणत्याच मानवी भाषेतला नाही, हे ओळखण्याची संधी वाचकाला मिळते.

उत्तर २ (सक्करदरा)

मी काही वर्षे सर्पमित्र म्हणून काम केले आहे, त्यामुळे डॉयलच्या कथेबद्दलच लिहितो. त्यातील डॉक्टर कलकत्त्याला राहून आलेला आहे. तो सापाकरवी खून करतो, आणि दूध पाजून व शिट्टी वाजवून त्याला झरोक्यातून परत बोलावतो. साप दूध पीत नाहीत, हे आम्ही दर नागपंचमीला लोकांना समजावत असतो. त्यांना बाहेरचे कान नसतात, त्यामुळे हलक्या शिट्टीवर ते परत येतील हेही संभवत नाही. आणि कथेत सांगितलेला 'स्वॅम्प ॲडर' नावाचा साप भारतात नाही. वाचकाला खोटी माहिती देऊन रहस्य सोडवायला सांगणे, हा अन्याय पोपेक्षा मोठा आहे. तरीही जमिनीला खिळवलेला पलंग आणि सापाला त्यावर उतरण्यासाठी लावलेली, कुठल्याही घंटेला न जोडलेली दोरी या दोन खुणा इतक्या स्वच्छ मांडल्या आहेत की, कथा पुन्हा वाचताना मी सापाकडे दुर्लक्ष करतो.

उत्तर ३ (सीताबर्डी)

अकुतागावाची कथा बाराव्या शतकातील 'कोंजाकु' या जपानी कथासंग्रहातील ज्या गोष्टीवर ती बेतली आहे, तिच्यासह वाचावी. जुन्या गोष्टीत नवरा झाडाला बांधला जातो, बायकोवर अत्याचार होतो, पण खून होत नाही. खून अकुतागावाने घातला, आणि दरोडेखोर, बायको व मृताचा आत्मा असे तिघेही तो आपल्याच हातून झाला असे सांगतात. 'तीन सफरचंदे'मध्येही दोघे कबुली देतात. पण तिथे खरा कोण हे ठरते, इथे ते ठरवणारा कोणीच उरत नाही. मला या दोन कथांची जोडी पोच्या आणि डॉयलच्या जोडीपेक्षा अधिक बोलकी वाटते.

सुसान ग्लास्पेलची 'अ ज्युरी ऑफ हर पीअर्स' (१९१७) घेता आली तर अवश्य घ्या. तिथे दोन बायकांना स्वयंपाकघरात आणि शिवणाच्या टोपलीत पुरावा सापडतो, आणि तो त्या लपवतात.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे मनापासून आभार. पोमधील साक्षींचा मुद्दा माझ्याही नजरेतून सुटला होता. तो भाग आता बैठकीत मोठ्याने वाचून तिथेच थांबेन आणि मगच उत्तर विचारेन. पुढच्या बैठकीला 'तीन सफरचंदे' आणि 'इन अ ग्रोव्ह' एकत्र घेऊ. ग्लास्पेलच्या कथेसाठी स्वतंत्र बैठक ठेवतो, कारण त्या बायकांनी पुरावा लपवला ते बरोबर की चूक, यावर आमच्याकडे एका तासात बोलणे संपणार नाही.